लाज कुणाची, नियम कुणाचा?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या निवासी शिबिरात रात्रीच्या गप्पांच्या सत्रात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सकाळच्या सत्रात मी जर्मनीतल्या निवारागृहांच्या कामाबद्दल बोलले. तक्ते दाखवले, कायदे सांगितले, तुम्ही वह्यांत उतरवूनही घेतलंत. पण दुपारी जेवताना दोघीतिघींनी विचारलं, "ते सगळं खरं ताई, पण तिथलं काय मनात राहिलं तुझ्या?" मी जे सांगितलं त्यावर पंगतीत हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, हे रात्री सगळ्यांना सांग. म्हणून सांगते.

मी तिथे सॉनामध्ये गेले होते. अंगावर एक धागा नाही. आणि बाया नि पुरुष एकत्र.

हसा, हसा. मी हे फोनवर माझ्या बहिणीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "आईला सांगितलंस का?"

सॉना म्हणजे काय ते आधी सांगते. आपल्याकडे मोठ्या हॉटेलांत 'सॉना बाथ' अशी पाटी असते, पण आपलं तिकडे जाणं होत नाही. सॉना म्हणजे लाकडी फळ्यांची बंद खोली. कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर दगड. हवा कोरडी आणि ८० ते १०० अंश तापलेली. आत पायऱ्यांसारखे बाक असतात, जितकं वर बसाल तितकी धग जास्त. आठ ते पंधरा मिनिटं बसायचं, घाम काढायचा, बाहेर येऊन गार पाणी अंगावर घ्यायचं, पडून राहायचं, पुन्हा आत जायचं. असं दोनतीन वेळा. मूळ पद्धत फिनलंडची. तिथे पूर्वी बायका बाळंत व्हायच्या त्या सॉनातच, कारण घरातली सगळ्यात उबदार आणि स्वच्छ जागा तीच. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक झालं तेव्हा फिनलंडच्या खेळाडूंसाठी तिथे सॉना बांधला होता. पुढे तो जर्मनीत चांगला रुजला. गंमत अशी, की फिनलंडमधल्या सार्वजनिक सॉनात सहसा बाया वेगळ्या आणि पुरुष वेगळे बसतात. सगळ्यांनी एकत्र आणि कपड्यांशिवाय बसायचं, ही चाल जर्मनीची.

मी लाइपझिगला होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये. जिच्या घरी राहत होते ती निवारागृहात काम करणारी, साठीला आलेली, जुन्या पूर्व जर्मनीत वाढलेली बाई. मी तिला मनातल्या मनात मावशी म्हणायचे. थंडी सुरू झाली होती, माझी पाठ धरली होती. मावशी म्हणाली, मंगळवारी सॉनात फक्त बायकांचा दिवस असतो, चल. मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर तेही जड जात होतं. कळायला लागल्यापासून मी आईसमोरसुद्धा पूर्ण उघडी झालेली नाही. परकर दातात धरून कपडे बदलायचे, ओल्या परकरावरून कोरडा चढवायचा आणि मग ओला हळूच खाली सोडायचा, ही कसरत आपण सगळ्याजणी शिकलोय. कुणी नदीवर, कुणी विहिरीवर, कुणी चाळीतल्या मोरीत. मीही शिकले. ती कुणी शिकवली ते आठवत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे.

मंगळवारी गेलो तर खिडकीवर कागद चिकटवलेला. शाळांना शरद ऋतूची सुट्टी असल्यामुळे या आठवड्यात बायकांचा दिवस नाही. आज सगळ्यांना प्रवेश. मावशीने मला दोनदा सांगितलं, "परत जाऊ. कॉफी पिऊ. काही बिघडत नाही." तिने एकदाही आग्रह केला नाही, हे मुद्दाम सांगते. आग्रह केला असता तर मी नक्की परत फिरले असते.

मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले. मनात आलं, गेली बारा वर्षं मी वस्तीत 'आपलं शरीर' हे सत्र घेते. भिंतीवर तक्ता लावते आणि बायकांना सांगते, शरीराची लाज बाळगू नका. तो तक्ता म्हणजे कुणा कलाकाराने काढलेली एक रेघांची बाई. तिच्या आड मी आरामात उभी असते. माझं स्वतःचं शरीर त्या सत्रात कधी आलेलंच नाही. मी मावशीला म्हटलं, जाऊ या.

आत गेल्यावर भिंतीवर नियमांची मोठी पाटी. मावशीने एकेक नियम मला समजावून सांगितला. तो अर्धा तास मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. पोहण्याचा पोशाख आत चालत नाही, कारण त्या कापडात घाम मुरतो आणि ते अंगाला चिकटून तापतं. आत जाण्याआधी साबणाने अंघोळ करून अंग कोरडं करायचं. दागिने काढायचे, धातू तापून चटका बसतो. मी कानातल्या कुड्या काढल्या. मोठा टॉवेल घ्यायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत आपल्या खाली अंथरायचा. घामाचा थेंब लाकडाला लागता कामा नये. मी घरून पंचा नेला होता! तो बुडाखाली घ्यावा तर पाय उघडे, पायाखाली घ्यावा तर बूड उघडं. शेवटी मावशीने स्वतःचा दुसरा टॉवेल दिला. मोठ्याने बोलायचं नाही. मोबाइल आत न्यायचा नाही. कुणी कुणाला रोखून बघायचं नाही, लगट करायची नाही. केली तर कर्मचारी बाहेर काढतात, आणि तक्रार करणाऱ्या बाईला "मग तुम्ही इथे आलात कशाला" असं कुणी विचारत नाही.

ही पाटी ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की मी 'नागडं बसणं' म्हणजे सगळे नियम सोडून देणं असं समजत होते. इथे तर कपडे घातलेल्या माणसांपेक्षा जास्त नियम होते!

मग आम्ही आत गेलो. मंद उजेड, लाकडाचा वास, भिंतीवर पंधरा मिनिटांचं वाळूचं घड्याळ. चौदापंधरा माणसं होती. मी सगळ्यात खालच्या बाकावर बसले, गुडघे छातीशी घेतले आणि जमिनीकडे नजर लावली. पहिली चारपाच मिनिटं फक्त स्वतःच्या हृदयाचे ठोके ऐकत होते. मग घाम फुटला आणि घामाबरोबर जरा हिंमत आली. मान वर केली.

तिथे जाहिरातीतलं एकही शरीर नव्हतं. पोटं होती, सुटलेली. पायांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या, बाळंतपणाचे वण होते, ऑपरेशनचे टाके होते. एक म्हातारं जोडपं शेजारी शेजारी बसलं होतं, आपल्याकडे पारावर बसतात तसं. दोन कॉलेजातल्या मुली होत्या. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मग एक कर्मचारी आला, त्याने दगडांवर निलगिरीचा वास असलेलं पाणी ओतलं आणि टॉवेल गरागरा फिरवून ती गरम वाफ सगळ्यांच्या अंगावर लोटली. कान भाजले! शेवटी सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. नागडी माणसं गंभीर चेहऱ्याने टाळ्या वाजवताहेत, हे बघून मला हसू आवरेना.

आणि तेव्हाच मला ती दिसली. वरच्या बाकावर, साठ-पासष्ट वर्षांची. तिला एकच स्तन होता. दुसऱ्या जागी सपाट छाती आणि काखेपर्यंत गेलेला आडवा वण. ती डोळे मिटून, पाठ टेकून शांत बसली होती. मी बघतच राहिले. किती वेळ ते कळलं नाही. तिने डोळे उघडले, आमची नजरानजर झाली, आणि तिने मान किंचित वळवली.

बाहेर आल्यावर मावशी हळूच म्हणाली, "तुझा पहिला दिवस आहे म्हणून सांगते. इथे असं बघत नाहीत."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला लाज वाटली ती तेव्हा. मी कपड्यांशिवाय होते त्याची नव्हे, मी बघितलं त्याची. पुरुषांच्या नजरेवर मी किती भाषणं दिली आहेत! आणि त्या खोलीत पंधरा माणसांपैकी नियम मोडणारी मी होते.

तिथेच बाकड्यावर पडल्या पडल्या मला आमच्या वस्तीतली एक बाई आठवली. नाव सांगत नाही. तिच्या छातीत गाठ आली होती. नऊ महिने तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मला नाही. दर आठवड्याला ती माझ्या बैठकीला यायची! सांगितलं तेव्हा गाठ फुटून वाहायला लागली होती. मी तिला दवाखान्यात नेलं. तपासणीच्या खोलीला दार होतं पण पडदा नव्हता, टेबलाभोवती पाचसहा शिकाऊ डॉक्टर उभे होते, मधूनच वॉर्डबॉय कागद घेऊन यायचा. ती पदर घट्ट धरून बाहेर आली. मी तिला रागावले. म्हणाले, "जीव मोठा की लाज मोठी? सोडा ती लाज." दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी तिने तपासू दिलं, पण तोवर फार उशीर झाला होता. २०१९ मध्ये ती गेली.

तिला मी जे बोलले ते मला आज बोचतं. लाज सोडण्याचं सगळं ओझं मी तिच्यावर टाकलं. पडदा लावा, इतक्या लोकांनी उभं राहू नका, आधी तिला विचारा, हे मी त्या डॉक्टरांना सांगितलं नाही. सॉनाच्या पाटीवर नियम कुणासाठी आहेत? बघणाऱ्यासाठी. आपल्याकडे सगळे नियम दिसणारीसाठी आहेत. पदर घे, खाली बघ, पाय जवळ घे, लवकर घरी ये. बघणाऱ्याला काही पाटी नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही तिकडे जाऊन आली आणि तिकडचं गुणगान करतेय. तसं नाही. जर्मन माणूस जन्मतःच मोकळा असतो असं मुळीच नाही. उघड्या अंगाने ऊन-वारा घेण्याची चळवळ तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये आडोल्फ कोख नावाच्या शिक्षकाने कामगारांच्या मुलाबाळांसाठी अशा व्यायामशाळा काढल्या. १९३३ मध्ये नाझी आले आणि या संघटनांवर बंदी आली. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारनेही बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर हे बंद करायचा प्रयत्न केला. लोक बधले नाहीत, आणि १९५६ मध्ये त्यासाठी जागा मान्य कराव्या लागल्या. मावशी लहानपणी आईवडिलांबरोबर त्याच किनाऱ्यावर जायची. म्हणजे हा मोकळेपणाही कुणीतरी भांडून मिळवलेला आहे. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, बर्लिनच्या सार्वजनिक तलावांत पुरुषांप्रमाणे बायकांनीही वरचा भाग न झाकता पोहायला हरकत नाही असं ठरलं, तेही एका बाईने भेदभावाची तक्रार केली म्हणून.

आणि कपडे काढले म्हणजे समता आली असंही नाही. ज्या देशात असे सॉना होते त्याच पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदा सांगत होता, की बायकोने घरकाम आणि संसार सांभाळून जमत असेल तरच नोकरी करावी. नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार आहे, हे मान्य व्हायला १९९७ साल उजाडलं. 'नाही म्हणजे नाही' हे तत्त्व कायद्यात आलं २०१६ मध्ये. आपल्याकडे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याला दिलेली ती सूट तशीच ठेवली आहे. मावशीच्या निवारागृहात मार खाऊन आलेल्या बायका होत्याच, आणि जागा कमी पडत होती. हिंसेपासून संरक्षण आणि निवारा हा बाईचा हक्क आहे असा कायदा तिथे २०२५ मध्ये झाला, पण तो हक्क प्रत्यक्ष मागता येईल २०३२ पासून!

त्या निवारागृहात सीरियातून आलेली एक बाई होती. तिला मी सॉनाची हकिकत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मला गरम पाण्याची, वाफेची फार आठवण येते. आमच्या गावी बायकांचं हमाम होतं. इथे बायकांच्या दिवशी मी जाईन. पण तो दिवस सुट्टी आली की रद्द होतो. माझ्या मुलांना सुट्टी असते तेव्हाच मला वेळ असतो." मला तिचं म्हणणं फार मोलाचं वाटलं. अंग झाकण्याची सक्ती ही सक्तीच. पण 'उघडी हो, तरच आत ये' हीसुद्धा एक सक्तीच होऊ शकते. बाईचं शरीर कुणासमोर उघडायचं आणि कुणासमोर नाही, हे तिचं तिने ठरवायचं. मावशीने मला दोनदा 'परत जाऊ' म्हटलं, म्हणून माझं आत जाणं माझं होतं.

हे आपल्याकडे का इतकं अवघड आहे, याचाही विचार केला पाहिजे. आपल्याकडे बाईचा उघडेपणा शिक्षा म्हणून वापरला गेला आहे. १९६३ साली मराठवाड्यात सिरसगावला दलित बायकांना नग्न करून धिंड काढली. १९७२ साली राजा ढाले यांनी 'साधना'तल्या 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखात ब्राह्मणगावच्या दलित स्त्रीच्या विटंबनेचा दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाचा दंड समोरासमोर ठेवला, तेव्हा केवढं वादळ उठलं! लोक चिडले ते लेखातल्या शब्दांवर. २०२३च्या मे महिन्यात मणिपूरमध्ये तेच झालं, आणि देशाला ते कळलं जुलैत, चित्रफीत बाहेर आल्यावर. त्याच मणिपूरमध्ये २००४ साली बारा आयांनी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर स्वतःहून वस्त्रं उतरवून सैन्याला जाब विचारला होता. म्हणजे आपल्याकडे बाईचं उघडं अंग एक तर विटंबना असते, नाही तर शेवटचं हत्यार. साधं, थकलेलं, पाठ धरलेलं, शेक हवा असलेलं शरीर म्हणून त्याला जागाच नाही.

नाही कशी? एक जागा आहे, आणि ती मला तिथेच, त्या उबेत आठवली. माझ्या बाळंतपणात आईने मालीशवाल्या बाईंना बोलावलं होतं. पाटावर बसवून त्या माझं सगळं अंग तेलाने रगडायच्या, कढत पाणी घालायच्या, मग खाटेखाली शेगडी ठेवून शेक आणि ओव्याची धुरी. सव्वा महिना रोज. त्यांच्यासमोर मला कधी लाज वाटली नाही. त्यांनी माझ्याकडे कधी 'बघितलं'च नाही. हात लावला, रगडलं, "पोट बांध गं नीट" म्हणून ओरडल्या. ते शरीर कामाचं होतं, दमलेलं होतं, आणि त्याला बरं वाटायला हवं होतं, बस. पण ते सुख फक्त सव्वा महिन्याचं, आणि तेही मूल जन्माला घातलं म्हणून मिळालेलं!

म्हणजे हे आपल्याला परकं नाही. राजस्थानात अजमेरकडच्या खेड्यातल्या बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक केलं, ते १९८९ मध्ये 'काली फॉर विमेन'ने छापलं. त्यात आधी नग्न चित्रं होती. गावच्या बायका म्हणाल्या, आमच्या गावात नागडी बाई कधी दिसते का? मग चित्रातल्या बाईला घागरा घातला आणि कागदाचा तुकडा उचलला की आतलं दिसेल अशी सोय केली. लाज आणि माहिती दोन्हींचा मान राखून त्यांनी वाट काढली. उचलायचं की नाही, कधी उचलायचं, हे ज्याच्या त्याच्या हातात. मला वाटतं, सॉनाच्या पाटीइतकीच शहाणी गोष्ट आहे ती.

म्हणून मी तुम्हाला सॉनात चला असं म्हणत नाही. (हशा) ज्यांना ब्लडप्रेशर किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नये! मी एवढंच म्हणते, की 'लाज सोडा' हे वाक्य आपण जरा बाजूला ठेवू या. बाईला लाज सोडायला सांगण्याआधी तिथे बघणाऱ्यासाठी नियम आहे का, ते पाहू. आपल्या भागातल्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलाला पडदा आहे का? तपासताना बाईसोबत दुसरी बाई असते का? विद्यार्थी उभे राहणार असतील तर आधी तिला विचारतात का? हे तीन प्रश्न घेऊन मी आणि वस्तीतल्या अकरा बायका गेल्या वर्षी त्याच दवाखान्यात गेलो. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला हिरवा पडदा लागला. साधा कापडी पडदा, दोन दांड्यांवर. पहिल्या दिवशी आत गेलेली बाई बाहेर येऊन म्हणाली, "आता कसं दुखणं नीट सांगता आलं."

तो पडदा पाच वर्षं आधी लागला असता तर, हा विचार मी रोज करते. तुम्ही करू नका, तुम्ही तो पडदा आधी लावा.

आणि शेवटची गोष्ट, अगदी घरची. या शिबिराच्या दोन न्हाणीघरांना आतून कडी नाही. दोन दिवस आपण एकमेकींच्या दाराशी पाळीने उभ्या राहतो आहोत आणि ते आपल्याला काही विशेष वाटलेलंही नाही. उद्या सकाळचं सत्र सुरू होण्याआधी त्या कड्या बसवून घेऊ. गावात हार्डवेअरचं दुकान आहे, मी येताना पाहिलं आहे.